राज्याचं नाव नसलेली जर्सी

चोरी तुम्ही केलीत, साहेब. दिल्लीत बसून, काचेच्या दाराआड, चहा पीत पीत केलीत. भारताच्या बायकांचा फुटबॉल संघ तुम्ही ताब्यात घेतलात, घ्या. पण घेताना त्याच्या आधीची सगळी वर्षं मोरीत ओतून दिलीत. जनरलच्या डब्यात संडासाच्या दाराशी ट्रंकेवर बसून ज्या पोरी देशभर फिरल्या, शाळेची बाकं बाजूला सारून फरशीवर झोपल्या, पुरुषांच्या उरलेल्या चड्ड्यांना नाडी ओवून मैदानात उतरल्या, त्यांना तुम्ही एका ओळीत निकालात काढलंत. ते सामने अधिकृत नव्हते म्हणालात. तेव्हाची बायकांची संघटना निराळी होती म्हणालात. मग तेव्हा वाजलेलं राष्ट्रगीतही निराळं होतं काय? बेळगावातल्या मजगावच्या नागोजीच्या मंगलनं कंबर मोडेपर्यंत जे गोल अडवले ते कुणाचे अडवले? शेजारणीच्या भिंतीवर येणारे चेंडू होते काय ते? तिनं पाठवलेला पेपरातला फोटो बघून तुमच्यातल्या कुणीतरी सांगितलं, कात्रण म्हणजे पुरावा नव्हे. त्यानंतर विचारलेल्या एकाही प्रश्नाला तुम्ही तोंड उघडलं नाहीत. एका बाईला पुसून तुमचं पोट भरलं नाही. आता तिच्या भाचीवर फडकं फिरवलंत.

त्या भाचीसाठी, तेजस्वीसाठी, एक नोव्हेंबरला सकाळी सगळं घर सोप्यात जमलं होतं.

हा दिवस त्या घरात सुतकासारखा. बेळगाव कर्नाटकात घातलं तो दिवस. एकीकडे शहरभर राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे लागतात, दुसरीकडे मराठी माणसं काळे कपडे घालून मूक फेरी काढतात. नागोजीचा नेम असा, की फेरी फिरून परत येईपर्यंत घरात चूल पेटवायची नाही. चहासुद्धा नाही. त्याची बायको मालुबाई मरेपर्यंत हा नेम पाळत आली. मंगल लहान असताना या दिवशी रात्रीची शिळी भाकरी चटणीला लावून परड्यात चोरून खायची. आता तिची साठी उलटली होती, निपाणीच्या शाळेतली पीटी टीचरची नोकरी संपली होती, आणि कंबर इतकी आखडली होती की बाकी सगळे जाजमावर बसले तरी ती एकटी प्लास्टिकच्या खुर्चीवर होती.

आतून गॅसचा लायटर कडकडला. सगळ्यांच्या माना वळल्या.

"रचना," नागोजीच्या मुलानं, नागेंद्रनं, बसल्या जागेवरून बायकोला विचारलं, "काय करालीस?"

"च्या ठेवालेय."

"आज?"

"आजच. माझी पोरगी रिकाम्या पोटी उन्हात उभारणार न्हाय."

"उभारणार म्हंजे?" सौरव ताडकन उठला. तेजस्वीचा थोरला भाऊ. काळा शर्ट, दंडाला काळी फीत, सायकल दारात टेकवलेली. "ठरलं व्हय? कुणी ठरवलं?"

कुणीच ठरवलं नव्हतं. तेच तर भांडण होतं.

तेजस्वी आतल्या पायरीवर गुडघे जवळ घेऊन बसली होती. अंगात शिबिराचा निळा ट्रॅकसूट. घरी आल्यापासून तिनं तो काढला नव्हता. रचनानं धुवायला मागितला तर अंगावर ओढून घेतला. मंगलला ते बघवत नव्हतं. राष्ट्रीय शिबिरातून तिला माघारी पाठवलं होतं, आणि खेळ कमी पडला म्हणून पाठवलं असतं तर मंगलनं तिला चार शिव्या घालून परत पळायला लावलं असतं. पण तसं नव्हतं. कुणीतरी तक्रार केली होती की ही पोरगी दोन राज्यांची आहे.

आणि ते खरं होतं. नातीनं कर्नाटक लिहिलेली जर्सी घालायची नाही, असं नागोजीनं ती शाळेत असतानाच सांगितलं होतं. मग रचनानं तिला गडहिंग्लजला आपल्या भावाकडं ठेवलं, तिथला पत्ता लावला, आणि तेजस्वी महाराष्ट्राकडून शाळकरी पोरींच्या स्पर्धा खेळली. सगळ्या गल्लीनं पेढे खाल्ले. पुढं बंगळूरच्या क्लबनं उचललं तेव्हा पोटापाण्याचा प्रश्न होता, म्हणून आज्जाला न सांगता तिथून कर्नाटकाच्या मोठ्या संघात खेळली. सीमेवरच्या घरात असं चालतंच. रेशन इकडचं, मामा तिकडचा, दवाखाना जवळ पडेल तिथला. कुणाला वाटलं नाही की यात काही चुकतंय. दिल्लीला वाटलं. दोन्ही राज्यांनी हरकत नाही म्हणून कळवलं तरच परत घेऊ, म्हणाले. महाराष्ट्रवाले म्हणाले, आता ती कर्नाटकात खेळते, आधी त्यांचं आणा. कर्नाटकवाल्यांचा निरोप भरमा घेऊन आला.

भरमा उंबऱ्यातच उभा होता. नागेंद्रबरोबर उद्यमबागेत फौंड्रीत कामाला, आणि सुट्टी झाली की पोरापोरींचा फुटबॉल क्लब चालवायचा. तेजस्वीला पहिला बूट त्यानंच दिला होता, कुणाचा तरी जुना.

"आत ये की रं," नागोजी म्हणाला. "का तुला बी झेंडा लावाय जायचंय?"

"माझं सोडा आप्पा. आई कन्नड, बा मराठी. एक तारखेला मी भायेर पडलो की दोघांची माणसं मारत्यात." भरमा हसला, पण कुणी साथ दिली नाही. त्यानं चप्पल काढली. "कर्नाटकाच्या फुटबॉलचे साहेब राज्योत्सवाच्या स्टेजवर हाईत आज. त्यांनी स्पष्ट सांगितलंय. पोरीनं यावं, सत्कार घ्यावा, झेंडा हातात धरून एक फोटो. फोटो झाला की तिथनंच दिल्लीला फोन करतो म्हणालेत. आमची पोरगी हाय, सोडून द्या म्हणून."

"त्यांची पोरगी!" सौरव म्हणाला. "म्हंजे आम्ही कोण? भाडेकरू?"

"सौरव, आवाज खाली," रचना आतून म्हणाली.

"तू तर बोलूच नको आई. तूच गडहिंग्लजला ठेवलीस तिला. तवा अभिमान वाटत हुता."

"मी ठेवली? मामांजींनी जेवण सोडलं हुतं तवा! पोरीनं कर्नाटकाचं कापड घातलं तर पाणी घेणार न्हाय म्हणालते. मी काय करणार हुते? सासऱ्याला उपाशी मारू?"

नागोजीनं मान वर केली नाही. त्याच्या हातात काळी टोपी होती. ती तो बोटांनी सरळ करत बसला होता, सरळ असूनही.

"ऐका माझं," नागेंद्र म्हणाला. हा माणूस घरात सगळ्यांत कमी बोलायचा, म्हणून सगळे थांबले. मंगलला वाटलं, आता हा पोरीच्या बाजूनं बोलेल. लहानपणी आक्काचे बूट लपवून ठेवणारा हाच, आणि आप्पा झोपल्यावर ते आणून देणाराही हाच. "मी म्हणतो, नको जायला."

रचना कढत्या चहाचं पातेलं सांडशीत धरून दारात आली. "काय म्हणालात?"

"नको. उद्या फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर यील. माझे चुलतभाऊ फेरीत पुढं चालत्यात. शेताला पाण्याची पाळी त्यांच्याकडनं घ्यावी लागती. फौंड्रीत निम्मी माणसं आपली हाईत. मी कुणाला काय सांगू? आणि सत्कार घेऊन बी त्यांनी फोन केला न्हाय तर?"

"करतील," भरमा म्हणाला. "शब्द दिलाय."

"त्यांचा शब्द!" नागेंद्र आक्काकडं वळला. "आक्का, तू सांग. तुला शब्द दिलते का न्हाय? भारताकडनं खेळलीस तवा नोकरी देतो म्हणालते, पुढच्या वर्षी परदेशात नेतो म्हणालते. काय झालं?"

सगळी मंगलकडं बघायला लागली. या क्षणाला ती घाबरत होती. घरात सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की आत्ती जा म्हणणार. तिलाही सकाळपासून तसंच वाटत होतं. पण आता भावाचं तोंड बघून तिला तेवढी खात्री राहिली नाही. ही पोरगी स्टेजवर चढेल आणि उतरेल, आणि तिथून पुढं चाळीस वर्षं खुर्चीवर बसून कुणीतरी आपलं नाव घ्यायची वाट बघत राहील. हे तिनं केलं होतं. पोरीच्या वाट्याला तेच द्यायचं?

"आत्ती," सौरव म्हणाला, "तू गोलकीपर हुतीस. आडवायचं काम तुझं. आज सोडणार?"

"मस्करी करू नको."

"मस्करी न्हाय. तिला ह्या नादाला लावली कुणी? तू. सुट्टीत निपाणीला न्हिऊन भिंतीवर बॉल माराय लावलीस. तुझं राहिलेलं तिच्याकडनं करून घेतलंस. आता तिकडंबी न्हाय आणि हिकडंबी न्हाय. सांग की, काय करायचं तिनं?"

 पोरगं उद्धट होतं, पण खोटं बोलत नव्हतं.

तेजस्वी पायरीवरून उठली. आज्जाच्या समोर जाऊन उकिडवी बसली.

"आज्जा, मी काय बोलू का?"

"बोल की."

"मला त्यांचा झेंडा नको. तुमची फीत बी नको. मी शिबिरात असताना कुणी विचारलं न्हाय मी कुठली ते. मणिपूरची रूममेट हुती, तिला बेळगाव कुठं हाय ते बी ठावं नव्हतं. किती बरं वाटलं मला, ठावं हाय? पहिल्यांदा कुणी विचारलं न्हाय."  तिनं ट्रॅकसूटची बाही मुठीत धरली. "मला हे निळं पायजे, आज्जा. दुसरं काय बी नको."

 बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवून गेला, 'सौरव, चल की रं' म्हणत.

मंगलनं बापाकडं बघितलं आणि तिला कळलं की म्हाताऱ्यालाही तेच आठवतंय.

कॉलेजात असताना ती राज्याच्या संघात गेली ते घरी लपवून. मालुबाईला तेवढं ठाऊक होतं. ती पोरीच्या चड्ड्या दोरीवर आपल्या लुगड्याच्या आत वाळत घालायची. मग पेपरात फोटो आला, छातीवर ठळक कर्नाटक. नागोजी ओरडला नाही, मारलं नाही. नुसतं बोलणं बंद केलं. सणवार गेले, सुगी गेली, तिच्याशी एक शब्द नाही. ताट पुढं आलं की भिंतीकडं बघून जेवायचा. त्याच हंगामात तिला देशाच्या संघात घेतलं. केरळात एका शाळेत सगळ्या जमल्या. जर्सी गोणत्यातून काढून वाटल्या, माप न बघता, आणि सामना झाला की धुऊन परत द्यायच्या, पुढच्या पोरींना लागतात म्हणून. तिच्या पुढं खेळणारी बंगाली पोरगी होती, भाषा एकमेकींची येत नव्हती. मंगलनं तिला दोनच मराठी शब्द शिकवले होते, 'सोड' आणि 'हाण'. तेवढ्यावर त्यांनी परदेशी पोरींची आक्रमणं थोपवली. कुठलीतरी काळी उंच पोरगी गुडघा घेऊन अंगावर आली तेव्हा कंबरेत जे मोडलं ते अजून मोडलेलंच आहे. पण बॉल तिनं सोडला नाही.

घरी परतली तेव्हा नागोजी खडेबाजारातून पेपर घेऊन आला होता. फोटो समोर धरून तिला विचारलं होतं, एवढ्या महिन्यांनी पहिलं वाक्य, "ह्याच्यावर राज्य कुठं हाय?"

"न्हाय आप्पा. ह्या जर्सीवर राज्य नसतंय."

तो बराच वेळ फोटो बघत बसला होता. मग म्हणाला होता, "मग खेळ."

त्या घराला कुठल्या सरकारनं कधी एवढी जागा दिली नव्हती. उभं राहायला एक कापड, ज्याच्यावर कुणाशी भांडण नव्हतं. साहेब, तेच तुम्ही खेचून घेतलंत.

नागोजीनं टोपी जाजमावर ठेवली.

"रचना," तो म्हणाला, "च्या आण."

रचनाला आधी कळलंच नाही. मग तिनं कप भरला आणि सासऱ्याच्या हातात दिला. बशीत चहा सांडला. नागोजीनं बशी तोंडाला लावली. फेरी अजून निघालीही नव्हती. नेम धरल्यापासून या दिवशी या वेळेला त्याच्या ओठाला काही लागलं नव्हतं. भुरका घेतल्याचा आवाज सोप्यात सगळ्यांना ऐकू आला. मंगलला वाटलं, हा आवाज आता कायम कानात राहणार.

"आज्जा!" सौरव किंचाळलाच. "काय करालास हे?"

"तिला घिऊन जावा. मी बी येतो, रिक्षात बसतो. आत न्हाय येणार."

"आणि मी फेरीत काय सांगू? आज्जा कुठं हाय म्हणून विचारतील की सगळी!"

"म्हातारा मेला म्हणून सांग," नागोजी म्हणाला, आणि उरलेला चहा प्यायला.

सौरवनं सायकल उचलली ती उंबऱ्यावर आपटतच बाहेर काढली. नागेंद्र भिंतीला टेकून बसून राहिला. रचनानं येताय का म्हणून त्याला विचारलं नाही, आणि तोही उठला नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या दोघांच्यात असं काही कधी पडलं नव्हतं. मंगलनं जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तर तो म्हणाला, "जा आक्का. तुम्ही सगळी शहाणी. नंतर मला सांगू नका."

भरमानं रिक्षा आणली. नागोजीनं काळ्या शर्टावर शाल ओढून घेतली, तरी कॉलर दिसत होतीच.

मैदानावर लाऊडस्पीकरचा कल्लोळ होता. शाळांची पोरं रांगेत, कुणी राणी झालेली, कुणी झेंडा झालेली, मेकअप घामानं ओघळलेला. कुठल्याशा पोरीला चक्कर आली होती आणि बाई तिला पाणी मारत होत्या. ही काय वाईट माणसं नव्हती. आपापल्या आनंदात होती. मंगलला त्यांचा राग आला नाही. तिला फक्त एवढंच वाटत होतं की पटकन व्हावं आणि तो फोन लागावा. रिक्षा फाटकाबाहेर उभी केली, नागोजी आत मान घालून बसला. रचना आणि मंगल खुर्च्यांच्या मागं उभ्या राहिल्या. भरमा तेजस्वीला स्टेजच्या पायऱ्यांपर्यंत सोडून आला.

"ट्रॅकसूट काढू नको म्हणाले," त्यानं सांगितलं. "निळ्यातच फोटो चांगला येतो म्हणे."

नाव पुकारलं. तेजस्वी वर गेली. गळ्यात हार, डोक्यावर फेटा, खांद्यावर शाल, हातात लाल-पिवळा झेंडा. फोटोवाल्यांनी गराडा घातला. साहेब पांढऱ्या सफारीत शेजारी उभे राहून हसत होते. निवेदकानं माईक तोंडाशी धरला आणि कन्नडात ठासून सांगितलं, "राष्ट्रीय शिबिरापर्यंत पोचलेली, भारताच्या फुटबॉलचं दार उघडणारी, नम्म जिल्हेय मोदलनेय हुडुगी!"

आमच्या जिल्ह्याची पहिली मुलगी. इथं कन्नड कुणाला समजत नाही असं नाही. रचनाला समजलं, तिनं मंगलचा दंड धरला.

"वन्सं, पहिली म्हणाला त्यो."

"ऐकलं मी."

वर तेजस्वीच्या तोंडावरचं हसू गेलं होतं. निवेदकानं माईक तिच्या पुढं केला, दोन शब्द बोल म्हणून. तिनं तो घेतला. गर्दीत डोळे फिरवले आणि आत्ती सापडली. मंगलला कळलं की ही पोरगी आता बोलणार. पहिली मी न्हाय, पहिली ती तिथं मागं उभी हाय, असं सगळ्या मैदानासमोर सांगणार. चाळीस वर्षं या वाक्याची वाट बघितली होती तिनं. दिल्लीकडनं यायला पाहिजे होतं, बेळगावच्या मैदानातनं आलं असतं तरी चाललं असतं. एकदा, फक्त एकदा, लाऊडस्पीकरवर तिचं नाव.

आणि साहेबांचा पाहुणचार सगळ्यांसमोर असा तोंडावर फेकला, की तो फोन हातचा गेलाच.

मंगलनं मान हलवली. नको. पोरीनं डोळ्यांनीच विचारलं, का? मंगलनं पुन्हा मान हलवली, जोरात, शाळेत पोरींना रागावताना हलवायची तशी.

तेजस्वीनं माईकमध्ये "थँक यू" म्हटलं आणि परत दिला.

"वन्सं..." रचना रडायला लागली.

"गप. टाळ्या वाजव," मंगल म्हणाली, आणि स्वतः वाजवायला लागली. ज्या हातांनी देशाचा गोल राखला होता त्याच हातांनी ती आपल्या नसण्याला टाळ्या वाजवत उभी राहिली.

कार्यक्रम आटोपला तेव्हा साहेब मंडपामागं टेबलापाशी उपीट खात होते. भरमा पुढं, मागं तिघी. तेजस्वीनं फेटा काढून काखेत धरला होता.

"साहेब, त्यो फोन," भरमा म्हणाला.

"कसला फोन?"

"दिल्लीला. पोरीचं."

"हां हां." साहेबांनी तोंड पुसलं. मराठी ते चांगलं बोलत होते, तक्रार करायला जागा नाही. "अहो, पण टीम तर काल संध्याकाळीच ठरली की. शिबिरच संपलं. आता फोन करून मी काय बोलू? पुढच्या वर्षी बघू ना. वय आहे अजून तिचं."

 मंगलला तिच्याकडं वळून बघायचं धाडस झालं नाही.

"काल संध्याकाळी," मंगल म्हणाली. "म्हंजे सकाळी भरमाला निरोप दिलात तवा ठावं हुतं तुम्हाला."

"कार्यक्रम ठरलेला होता बाई. पाहुण्यांना सांगितलेलं. आयत्या वेळी कसं रद्द करणार?"

भरमाच्या तोंडाचा रंग गेला. "साहेब, मी त्यांच्या घरात जाऊन शब्द दिला हो. त्यो म्हातारा..."

"तुम्ही भावनिक होताय. शिवाय तशी ती मूळ तिकडून खेळलेली. त्यांची हरकत नाही हे आधी यायला हवं. आमच्याकडं काही अडलेलं नाही."

रचनाचा मोबाईल वाजला. गडहिंग्लजहून तिच्या भावाचा फोन. तिनं कानाला लावला, ऐकत राहिली, आणि खाली घेतला.

"काय म्हणाला?" मंगलनं विचारलं.

"फोटो पोचलाय तिकडं. झेंडा घेतलेला. तिथले क्लबवाले म्हणालेत, आता आमच्याकडं काय मागाय येऊ नका."

तेजस्वी खाली बसली. मंडपाच्या खांबाला पाठ लावून, मातीत, निळ्या ट्रॅकसूटसकट. रडली नाही. सामना हरल्यावर खेळाडू बसतो तशीही बसली नव्हती, कारण तिथं निदान सामना झालेला असतो. मंगल तिच्याजवळ वाकायला गेली, पण कंबरेनं साथ दिली नाही. तिला तिथं अर्ध्यात वाकलेलं सोडून साहेब गाडीकडं निघाले होते.

मग ती सरळ झाली. लंगडत गेली, आणि गाडीच्या दाराला पाठ लावून उभी राहिली.

"बाई, बाजूला व्हा."

"व्हते. एक विचारायचंय."

"ऑफिसात या. वेळ घेऊन या."

"ऑफिसात गेलते मी. इथं बी, बंगळूरला बी, दिल्लीला बी. माझ्याबद्दल विचाराय गेलते. ते आज विचारत न्हाय. मी खेळलेच न्हाय म्हणा, खुशाल म्हणा, मघाशी टाळ्या वाजवल्यात मी त्याला." ड्रायव्हरनं तिच्या दंडाला हात लावला, तिनं झटकला. लोक थांबून बघायला लागले. रचना पोरीपाशी बसून राहिली होती, भरमा हात जोडून मध्येच उभा होता, आणि फाटकाबाहेरच्या रिक्षातून शाल घसरलेला म्हातारा काळ्या शर्टात खाली उतरत होता, एक पाय जमिनीवर, एक हवेत. "तिचं विचारते. तिकडचे म्हणत्यात तुमची. तुम्ही म्हणताय त्यांची. दिल्ली म्हणती, आधी तुम्ही दोघं ठरवा. तिच्या आज्जानं आज नेम मोडला, भाऊ रागानं निघून गेला, बाप भिंतीला टेकून बसलाय. आमच्याकडं मोडायला आता काय राहिलं न्हाय. ती पोरगी उद्या उठून बूट बांधणार. बांधल्याशिवाय ऱ्हाणार न्हाय, माझी भाची हाय. तर तिनं ते कुणासाठी बांधायचं, साहेब? मराठीत सांगा, कन्नडात सांगा, तुमच्या दिल्लीच्या इंग्रजीत सांगा. पुढच्या वर्षी नको, ऑफिसात नको. इथं, तिच्या तोंडाकडं बघून सांगा. ही पोरगी कुणाची?"